बोर्डावर चादर

४ सप्टेंबर, सोमवार

दोन क्लासच्या मधे, गाडीतच बसून लिहिते आहे. घरी लिहायची सोय नाही. अप्पा पलंगावर पडलेले असतात, आणि त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दलच लिहायचं म्हणजे माझ्याच्याने होत नाही.

सकाळी आमचे नेहमीचे डॉक्टर घरी येऊन गेले. छाती पाहिली, पोट दाबलं, रक्ताचे रिपोर्ट चाळले. वयाच्या मानाने सगळं उत्तम आहे म्हणाले. मला वाटलं, चला, सुटलो. तर जिन्यात मला थांबवून म्हणतात, "मन आजारी आहे त्यांचं. तुमची आई गेल्यापासून नाही, त्याच्याही आधीपासून. गाडी शिकवणं सुटलं तेव्हापासून. मोठ्या हॉस्पिटलात वयस्कर माणसांच्या मनाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. दर गुरुवारी. घरी सांभाळणाऱ्यांशीही बोलतात ते. तुम्हीही बोला."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. जरा जोरातच, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार किलकिलं झालं.

डॉक्टरांचं काय जातंय सांगायला? या शहरात निम्म्या लोकांनी पहिला गिअर अप्पांच्या शेजारी बसून टाकलाय. गाडीच्या टपावरच्या पिवळ्या बोर्डावर अप्पांचं नाव आहे आणि खाली आमचा फोन नंबर. आईबाप आपली अठरा वर्षांची पोरं माझ्या हाती सोपवतात ती त्या नावावर. ते नाव उद्या वेड्यांच्या डॉक्टरांच्या दारात दिसलं, तर कोण पाठवेल माझ्याकडे पोरं? मी तरी पाठवली असती का? नसती. खरं तेच लिहायचं तर नसती.

७ सप्टेंबर, गुरुवार

काल हॉस्पिटलच्या त्या विभागाला फोन लावला. पलीकडून एक बाई इतक्या मायेने "बोला" म्हणाल्या की माझी पाचावर धारण बसली. मी विचारलं, "हे टायरचं दुकान ना?" त्या म्हणाल्या, "नाही, पण तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला." मी फोन ठेवला. पन्नाशी उलटलेली बाई, चौकात ट्रकवाल्याशी भांडायला घाबरत नाही, आणि हे असं.

धाकट्या भावाचा फोन आला. त्याचं नेहमीचं, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी म्हटलं, "मग मी कोणाच्या जिवावर निर्धास्त राहू?" तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मीही मग हसले.

अप्पा आज जेवले नाहीत. भात पुढे केला तर भिंतीकडे वळून म्हणाले, "मला कशाला जागं करतेस?" मी ताट उचललं आणि ओट्यावर आपटलं. फुटलं नाही, स्टीलचं होतं.

९ सप्टेंबर, शनिवार

अप्पा बाथरूममध्ये घसरले. पाणी सांडलं होतं. मी तिथंच होते म्हणून बरं. फारसं लागलं नाही. आज एवढंच.

११ सप्टेंबर, सोमवार

अप्पांचं दुखणं वाढलंय. परवापासून तर शर्टही घालत नाहीत. बाही पुढे केली की मान हलवतात, "राहू दे." केस विंचरत नाहीत. ज्या माणसाने भांगाला कधी हात लावू दिला नाही त्याचे केस घरट्यासारखे झालेत. दाढी नाही. जेवायला चमचा घेतात तोही डाव्या हातात, अर्धं खाली सांडतं. मी म्हटलं, "अप्पा, हा काय नवीन खेळ?" तर ताट सरकवून दिलं. डॉक्टरांचं खरं असणार. हे मनाचंच आहे.

म्हणून आज क्लास संपल्यावर नदीकाठी गाडी लावली आणि पुन्हा फोन केला. त्याच बाई. त्यांनी आवाज ओळखला असावा, पण टायरचं काही बोलल्या नाहीत. त्या समुपदेशक आहेत. मी सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. आणि माझी युक्तीही सांगितली: अप्पा मरतील पण असल्या डॉक्टरकडे स्वतःसाठी येणार नाहीत. तेव्हा मी त्यांना सांगणार की आजारी मी आहे, एकटीला यायला लाज वाटते, सोबत चला. मग आत आलो की तुम्ही हळूच त्यांना तपासा.

बाई म्हणाल्या, "मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. पण तुम्ही दोघं या. मी दोघांशीही बोलेन."

नाटकाला निम्मी परवानगी मिळाली असं मी धरलं.

संध्याकाळी अप्पांच्या पलंगाशी बसले. आयुष्यात कधी नाटकात काम केलं नाही, पण बरं जमलं. म्हटलं, "अप्पा, मला बरं नाही. डोक्याचं आहे. डॉक्टरकडे जायचंय, पण एकटीचं पाऊल उचलत नाही." ते छताकडे बघतच म्हणाले, "कधी जायचंय?" बस, एवढंच. कितीतरी दिवसांनी मला त्यांनी काही विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. फसवल्याची लाज वाटली म्हणून असेल.

१४ सप्टेंबर, गुरुवार

बोर्डाचं काय करायचं हा मोठाच प्रश्न होता. टपावर अप्पांचं नाव मिरवत त्या फाटकातून आत शिरायचं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच. बोर्ड काढायला गेले तर चारही नट गंजलेले. शेवटी घरातली फुलाफुलांची चादर आणली, बोर्डाला गुंडाळली आणि दोरीने बांधली. अप्पा खाली उतरून आले, चादरीकडे पाहिलं. शर्टाच्या बाहीत एकच हात होता, दुसऱ्या खांद्यावरून शर्ट नुसता टाकलेला. मी म्हटलं, नीट घाला. म्हणाले, "उकडतंय."

पहिल्याच सिग्नलला माझा जुना विद्यार्थी शेजारी येऊन थांबला. आता तो टॅक्सी चालवतो. काच खाली करून ओरडला, "मॅडम, बोर्डाला थंडी वाजतेय का?" आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. नुसता बोर्ड असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. माझे कान तापले. गाडी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत लावली आणि अप्पांना तेवढं चालत नेलं.

खोली साधी. तीन खुर्च्या, एक टेबल, खिडकीला निळा पडदा. समुपदेशक बाई माझ्याच वयाच्या, सर्दी झालेली. अप्पांना नमस्कार करून म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं झालं." मग मला विचारलं, "काय होतंय?"

मी तयारी करून गेले होते, पण अप्पांच्या समोर सगळं विसरले. मग सुचेल ते ठोकून दिलं. म्हटलं, क्लास संपल्यावर घराखाली येऊन इंजिन बंद करते आणि तशीच बसून राहते, वर जायला पाय उचलत नाहीत. म्हटलं, झोप लागते पण मधेच दचकून उठते आणि पलीकडच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहते. आला तर चिडते, नाही आला तर घाबरते. म्हटलं, आरशात बघायचं टाळते. मैत्रिणींचे फोन घेत नाही. कधीकधी वाटतं, हे सगळं संपू दे, आणि मग 'सगळं' म्हणजे काय याचा अर्थ लक्षात आला की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

बोलता बोलता माझा आवाज कापायला लागला. इतकं खरं वठलं की माझं मलाच नवल वाटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. अप्पा माझ्याकडे टक लावून बघत होते. परीक्षेच्या दिवशी पोरांकडे बघायचे तसे.

नंतर बाई मला बाहेर बसवून अप्पांशी एकट्यांशी बोलल्या. चांगल्याच वेळाने दार उघडलं. अप्पांचे डोळे लाल होते. आतल्या मानसोपचारतज्ज्ञांनीही त्यांना पाहिलं आणि एक गोळी सुरू केली. गाडीत बसताना मी विचारलं, "काय म्हणाल्या?" अप्पा म्हणाले, "तुझी काळजी घ्या म्हणाल्या."

युक्ती फळाला आली म्हणायची.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज सकाळी उठले तर अप्पा ओट्याशी उभे. आधणाचं पातेलं डाव्या हातात, निम्मा चहा ओट्यावर, निम्मा कपात. "घे," म्हणाले. "झोप लागली का?" मी म्हटलं, लागली. "खोटं," म्हणाले. "तीनदा उठलीस."

माणूस बायको गेल्यानंतर पहिल्यांदा ओट्याशी उभा राहिला, आणि का, तर मुलीला खोटं दुखणं आलंय म्हणून. पण सांगणार कसं? सांगितलं तर परत पलंगावर जाऊन पडतील.

खालच्या काकूंनी जिन्यात गाठलंच. "गुरुवारी कुठं निघाली होती स्वारी? अप्पा किती दिवसांनी खाली उतरले!" मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे. काकू म्हणाल्या, "कोणाचे दात?" मी म्हटलं, दोघांचे. अप्पांची कवळी आहे, हे काकूंना चांगलंच माहीत आहे.

२१ सप्टेंबर, गुरुवार

चादर पुन्हा बांधली. आता गाठही सराईतपणे बसते.

या वेळी बाईंनी आधी अप्पांना घेतलं, मग मला एकटीला. मी पुढे सरसावून म्हणाले, "अप्पा गेल्या वेळेपेक्षा बरे आहेत, पण काही खोडी जात नाहीत. केस विंचरत नाहीत, शर्ट नीट घालत नाहीत, डाव्या हाताने खातात, अंघोळीचं नाव काढलं की अंग चोरतात. हे मनाचंच लक्षण ना?" बाईंनी लिहून घेतलं, मान वर केली आणि विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं कुठं काय? मी तर नाटक करत होते."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग इथं एकदा नाटक न करता बसून बघा. शनिवारी सकाळी सांभाळणाऱ्यांची बैठक असते. नुसतं बसलात तरी चालेल."

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "अप्पा मधे पडले होते ना?"

"घसरले. बाथरूममध्ये. पाणी सांडलं होतं."

"तेही असंच म्हणाले," बाई म्हणाल्या. "अगदी याच शब्दांत. मी हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवते म्हटलं, तर नको म्हणाले. मुलीला त्रास नको."

मी क्लासचं निमित्त सांगून उठले. खरं तर गुरुवारी दुपारी मी क्लास ठेवतच नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

गेले. कशी गेले मला माहीत नाही. चहा आणायला म्हणून निघाले आणि हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत गाडी उभी होती, बोर्डावर चादरही.

खोलीत गोल खुर्च्या मांडलेल्या. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको त्यांना ओळखत नाही. एक सून, सासूमागे धावून धावून स्वतःच वाळून गेलेली. आणि खिडकीपाशी, हातात काळा गॉगल घेऊन, गॉगलवाला!

गॉगलवाला म्हणजे आमच्या समोरच्याच रस्त्यावर ज्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे तो. माझी गिऱ्हाईकं पळवणारा, माझ्यापेक्षा दोन क्लास जास्त देतो असं फळ्यावर लिहिणारा. ज्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मी इतके दिवस बोर्डाला चादर नेसवतेय, तो. मी दारातूनच परत फिरणार होते. त्याने हात केला आणि शेजारची खुर्ची ओढली. बसावंच लागलं.

तो हळूच म्हणाला, "बोर्ड कुठं लपवलात?"

"मागच्या गल्लीत. चादर."

"मी पोतं घालतो," तो म्हणाला. "वडील. चार वर्षं झाली आजाराला."

मला हसू फुटलं. त्यालाही. ती सून आमच्याकडे बघायला लागली, मग तीही हसली, का ते न कळताच. पण नंतर गॉगलवाल्याची बोलायची पाळी आली. तो म्हणाला, "काल वडिलांनी तिसऱ्यांदा गादी ओली केली, तेव्हा मी त्यांच्यावर हात उगारला. मारला नाही. पण त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता जमिनीने पोटात घ्यावं." सगळ्यांसमोर बोलला. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नुसती मान हलवली.

माझी पाळी आली. मी उठून म्हणाले, "माझे वडील नीट जेवत नाहीत," आणि खाली बसले.

गॉगलवाल्यासमोर माझी मान खाली गेली. धंद्यात कधी गेली नव्हती.

२६ सप्टेंबर, मंगळवार

पोस्टातल्या बाईंचा क्लास होता. काउंटरवर बसतात, पन्नाशीत गाडी शिकायला आल्या, हळू पण नेटक्या. आमच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. अप्पांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: शिकणारा चुकणारच, त्यासाठीच तो पैसे देतो, चुकायचं नाही ते आपण. पाय सदैव ब्रेकवर.

वळणावर पोस्टातल्या बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. माझा पाय ब्रेकवर नव्हता. कुठं होता कोण जाणे. मी बाथरूमच्या दाराशी होते, मनाने. गाडी फुटपाथवर चढली, कचऱ्याचा डबा उडाला आणि दिव्याच्या खांबाच्या वीतभर अलीकडे बंद पडली. खांबापलीकडे एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती.

आणि मी काय केलं? पोस्टातल्या बाईंवर ओरडले. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" म्हणाले. त्या रडायला लागल्या. मला हात जोडून माफी मागत होत्या, माझ्या चुकीची. मी ती मागू दिली. नंतर सांगितलं त्यांना, चूक माझी होती. त्या मान हलवत होत्या, पण आता त्या परत गाडीत बसतील असं वाटत नाही.

आता लिहितेच. या वहीत मी खोटं लिहिलंय, वहीला कोण विचारणार होतं तरी.

अप्पा घसरले नाहीत. त्या शनिवारी ते अंघोळीला येत नव्हते. अंगाला वास येत होता आणि दहा मिनिटांत क्लासची पोरगी खाली येऊन उभी राहणार होती. मी दंड धरून त्यांना ओढत बाथरूमपर्यंत नेलं. ते उजव्या हाताने चौकटीला धरून उभे राहिले. म्हणाले, "सोड, पोरी." मी नाही सोडलं. हात पिरगाळून चौकटीपासून सोडवला आणि ढकललं. ते नळावर आपटले, मग खाली. जमीन कोरडी होती. पाणी मी नंतर ओतलं. कुणासाठी ओतलं? घरात आम्ही दोघंच होतो. त्यांच्यादेखत ओतलं. ते खालून बघत होते.

मग मी म्हणाले, "घसरलात ना?" आणि ते म्हणाले, "हो."

गॉगलवाल्याने नुसता उगारला होता.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आज चादर बांधली नाही. धीटपणा वगैरे काही नाही, हातच चालले नाहीत. बोर्ड तसाच घेऊन पुढच्या फाटकातून आत गेलो. रखवालदाराने बोर्ड वाचला, अप्पांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अहो सर! मला तुम्हीच शिकवलंत." अप्पा म्हणाले, "मग फाटक नीट उघड, आरसा घासेल."

समुपदेशक बाईंना मी म्हटलं, आज दोघांना एकत्रच बसवा. बसलो. मला वाटलं होतं, तोंड उघडलं की सगळं भडाभडा बाहेर पडेल. तसं काही झालं नाही. एकेक शब्द दातांतून काढावा लागला. म्हटलं, मी आजारी नव्हते, तुम्हाला इथं आणायला सोंग केलं. मग म्हटलं, "आणि अप्पा घसरले नाहीत. मी हात पिरगाळला आणि ढकललं. पाणी नंतर ओतलं."

अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "घसरलो मी."

"नाही, अप्पा."

"घसरलो," ते म्हणाले. जरा चढ्या आवाजात.

मला वाटत होतं, कुणीतरी रागावावं. बाईंनी पोलिसांना बोलवावं, अप्पांनी एक ठेवून द्यावी, काहीतरी.

मग अप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सोंग तुझं पहिल्या दिवशीच कळलं. तू खाली गाडीत बसून असतेस ते मी रोज खिडकीतून बघतो. सोंग म्हणे! मी इथं आलो तो तुला घेऊन आलो." मग माझ्याकडे वळले. "पण इतके दिवस झाले. चहा विचारलास, गोळी विचारलीस. झोप विचारलीस. एक गोष्ट नाही विचारलीस."

"काय, अप्पा?"

"दुखतंय का ते."

मग विचारलं. "अप्पा, दुखतंय?"

"दुखतंय," ते म्हणाले. "फार दुखतंय. हात वरच जात नाही."

शर्ट. कंगवा. चमचा. दाढी. सगळी लक्षणं मीच बाईंना सांगितली होती, तक्रार केल्यासारखी. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, पाहुण्याची वस्तू सांभाळावी तसा. मी रोज त्या हाताला नावं ठेवत होते. आता माझी लाज अप्पांच्याही कामाची नव्हती, दुखणं काही तिने कमी होणार नव्हतं, पण दुसरं काहीच माझ्याजवळ नव्हतं. मी रडले. अप्पांनी समजूत घातली नाही. बरं केलं.

बाईंनी मग कामाचं बोलायला सुरुवात केली. अंघोळीला यापुढे मी नाही. हॉस्पिटलचा मदतनीस आठवड्यातून तीनदा घरी येईल. धाकट्याला त्या स्वतः फोन करणार, निर्धास्तपणा उतरवायला. मी शनिवारी बैठकीला, शिवाय बुधवारी एकटी त्यांच्याकडे. आणि चीड वर यायला लागली की काही न करता दार उघडून जिन्यात जायचं, काकू असल्या तरी. "आणि उद्या सकाळी," त्या म्हणाल्या, "खांदा दाखवायचा. तिथं विचारतील कसं लागलं."

"मी सांगेन," अप्पा म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

हाडाच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. रांग आणि डॉक्टर यांच्यामधे नुसता एक पडदा, बाजूला दुसऱ्या पेशंटचं प्लास्टर चाललेलं. रांगेत माझ्या एका विद्यार्थिनीची आई बसली होती, पाय मुरगळलेला. "मॅडम, सर किती दिवसांनी!" म्हणाली. पडद्याला लागूनच बसली होती. आत बोललेला शब्द न् शब्द तिला ऐकू जाणार हे मला दिसत होतं.

डॉक्टर तरुण, घाईत. फोटो दिव्यासमोर धरला. खांद्याजवळ तडा आहे, आपोआप जुळायला लागलाय, पण वाकडा. इतके दिवस का थांबलात? मग लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "कसं लागलं?"

अप्पांनी तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत बसले.

"मी ढकललं," मी म्हणाले.

"काय?" डॉक्टर म्हणाले. प्लास्टरच्या बाजूला काहीतरी पडलं होतं, त्यांना ऐकू आलं नव्हतं.

पडद्याखाली त्या आईची चप्पल दिसत होती. मी घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. "मी मुलगी. मी त्यांचा हात पिरगाळला आणि त्यांना ढकललं."

चप्पल हलली नाही. प्लास्टरचा आवाज थांबला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि परत माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काय केलंत म्हणालात?"

"ऐकलंत ना तुम्ही?" अप्पा म्हणाले. क्लासमधला आवाज होता, किती दिवसांनी. "दोनदा सांगितलंय तिने. तिसऱ्यांदा विचारू नका. खांदा बघा."